उरलं कोण?

रिक्षा भरली तरी तो लगेच निघत नसे. सीटवरून अर्धा बाहेर वाकून मागे थांब्याकडे पाहायचा आणि मोठ्याने विचारायचा, "उरलं कोण?"

शेअर रिक्षातून तुम्हीही गेला असाल. चालक मागे पाहतो तो आणखी कोणी कोंबता येईल का, यासाठी. हा मागे राहिलेल्यांना मोजायचा. हँडलजवळ बिस्किटांचा पत्र्याचा डबा तारेने बांधलेला होता. जितकी माणसं उरली तितके चिंचोके त्यात टाकायचा आणि मगच गिअर. जाताना हात वर करून सांगायचा, "थांबा, आलोच." आणि खरोखर यायचा.

त्याचं नाव लिहीत नाही. त्याच्या बायकोने तशी अट घातली आहे. माझंही लिहीत नाही, पण ते माझ्या भित्रेपणामुळे. बाकी जे लिहितो आहे ते जसं घडलं तसं आहे.

मी सरकारी नोकरीत आरेखक होतो. निवृत्तीनंतर एका सल्लागार कंपनीने मला कंत्राटावर घेतलं. शहरात रेल्वेचा मार्ग आखायचा होता. कागदावर तिचं नाव हलकी रेल्वे, लोक सरसकट मेट्रो म्हणायचे. मुख्य मार्ग जवळपास ठरला होता. प्रश्न होता तो त्यातून फुटणाऱ्या फाट्याचा. गारखेड्यावरून तो बीड बायपास ओलांडून पलीकडच्या नव्या वस्तीपर्यंत न्यायचा की अलीकडेच थांबवायचा? ते ठरणार होतं त्या वस्तीच्या रिक्षा थांब्यावरच्या माणसांच्या मोजणीवर. त्या थांब्याची मोजणी माझ्याकडे होती. दोन दिवस, पहाटे साडेपाच ते सकाळी दहा, दर अर्ध्या तासाला एक ओळ.

पहिल्या दिवशी मी आठ वाजता पोहोचलो. थंडी होती, गुडघा दुखत होता. ही कारणं खरी आहेत, पण पुरी नाहीत. पहाटे उठून जावं इतकी ती माणसं मला महत्त्वाची वाटली नव्हती.

आठ वाजता थांब्यावर चार-पाच जण होते. रिकाम्या रिक्षाला टेकून तो बिडी ओढत उभा होता. माझ्या हातातली तक्ता लावलेली फळी पाहून म्हणाला, "साहेब, जत्रा उठल्यावर आलात."

"म्हणजे?"

"म्हंजे गारखेड्यात धुणंभांडी करायला जानाऱ्या बाया साडेपाचला गेल्या. कंपनीवाले सहाला. आता हितं मी अन् ही कुत्री."

तो मूळचा कन्नड तालुक्याकडचा. तिथल्या घाटात अनेक वर्षं जीप चालवून शहरात आलेला. घाटात जितकी बसतील तितकी बसवायची, कोणी विचारत नसे, असं तो हसत सांगायचा. मग हसणं थांबवून म्हणायचा, "हितं मात्र नाय. हितं बायपास हाय." रिक्षात तो सहाच्या वर माणूस घेत नसे. बाया चिडायच्या. एक म्हातारी तर रोज त्याला ऐकवायची, "मुडद्या, मी काय पोतं हाय व्हय जागा खायाला?" तो हात जोडायचा, "मावशे, पोतं असतीस तर टपावर बांधलं असतं."

दुसऱ्या चालकांना तो वेडा वाटायचा. एक जण माझ्यासमोर त्याला म्हणाला, "अबे, मेट्रो आली तर तू काय खाणार? आणि तूच साहेबाच्या मागं लागलाय!"

"मी तिकीट काढून बसंन," तो म्हणाला. "ईस वर्सं झाली म्होरंच बसतोय. एकदा खिडकीत बसून आपलं शहर बघायचंय, भोंगा न वाजवता."

चिंचोक्यांची गंमत मला त्या पहिल्याच दिवशी कळली. मी शंका काढली, माझ्या धंद्यातली. एकच माणूस दोन फेऱ्यांत उरला तर दोनदा मोजला जाईल.

"नाय जात. टाकतो ते नव्यानं उरलेल्यांचेच. परत येऊन ज्याला नेलं त्याचा चिंचोका काढून घेतो. डब्यात ऱ्हातात ते कटाळून पायी गेलेले."

चाळीस वर्षं तक्ते भरले, पण इतकी सरळ रीत मला सुचली नव्हती. मी मात्र साहेबी आवाजात म्हणालो, "सरकारी तक्त्यात चिंचोके चालत नाहीत."

"मग चिंचा आणू?"

आम्ही दोघेही हसलो. त्याने चहा पाजला. निघताना म्हणाला, "उद्या पाचला या साहेब. बसलेले कुणीबी मोजतंय. उरलेले मोजा."

मी येतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. घरी, पांघरुणात बसून तक्ता भरला. आदल्या दिवशीचे आकडे घेतले, कुठे दोन वाढवले, कुठे तीन कमी केले, म्हणजे खरे दिसावेत. साडेपाच ते आठच्या ओळींत दोन्ही दिवस अगदी थोडी माणसं लिहिली. शून्य लिहिलं असतं तर कोणी विचारलं असतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण जमलं.

दोन दिवसांनी तो औरंगपुऱ्यातल्या आमच्या कार्यालयात आला. जिना चढून धापा टाकत होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून म्हणाला, "तुम्ही आला नाय त्या दिवसाचे हायेत. म्हटलं, साहेबाला काम असंल. लिव्हून घ्या."

तक्ता अजून माझ्याच टेबलावर होता. फाडून नवा करायला अर्धा तास लागला असता. पण मग पहिला खोटा होता हे वरिष्ठांना सांगावं लागलं असतं. मी पिशवी खणात टाकली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "लिव्हले का?"

"लिहिले."

"बास! आता काय काळजी नाय."

आराखडा आला. फाटा बायपासच्या अलीकडेच संपत होता. मी थांब्यावर गेलो तेव्हा त्याने विचारलं, "आमचं ठेसन?"

"वरून कापलं," मी म्हणालो.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वरच्यांना कुठं दिसतंय! तुम्ही तर लिव्हलं होतं."

एवढ्यावरच राहिलं असतं तर मी विसरलोही असतो. रेल्वे अजून कागदावरच आहे. पण आमचे तक्ते कार्यालयाबाहेर गेले. वस्तीने पहाटेची शहर बस मागितली, तेव्हा अर्जावर उत्तर आलं की उपलब्ध मोजणीनुसार या थांब्यावर सकाळी पुरेसे प्रवासी नाहीत. तो कागद त्याने मला वाचायला दिला. मी वाचला आणि घडी घालून परत केला. "चुकलं असंल कुणाचं तरी," तो म्हणाला. मी मान हलवली.

वस्ती वाढत गेली. पायी बायपास ओलांडणाऱ्या दोन बायांना गाड्यांनी उडवलं. त्यातली एक म्हणजे पोत्यावरून त्याला शिव्या घालणारी ती म्हातारी. वाचली, पण पाय गेला. त्यानंतर त्याने सहाचा नेम मोडला. सात घेऊ लागला, मग आठ. स्वतः सीटच्या कडेला टेकायचा. डबा तारेलाच होता, पण आता रिकामा वाजायचा.

एका पहाटे बायपासच्या वळणावर रिक्षा ट्रकच्या चाकाला घासली. मागची माणसं जखमी झाली, सगळी वाचली. कडेला टेकलेला तो गेला. पोलिसांच्या कागदात लिहिलं आहे, क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी, चूक चालकाची. वर्तमानपत्रानेही तेच छापलं.

त्या दिवशी मी खणातली पिशवी काढली. त्याने मारलेली गाठ सुटेना, दातांनी सोडली. चिंचोके मोजले. त्रेचाळीस. माझ्या तक्त्यात त्या पहाटे अख्ख्या थांब्यावर नऊ माणसं आहेत.

महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको मशीनवर ब्लाउज शिवत होती. मी सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. तिने मशीन थांबवली नाही. शिवण संपल्यावर दोरा तोडला.

"ते घरी येऊन म्हणले होते, साहेबानं लिव्हलंय. त्या दिशी जिलेबी आणली होती."

तिने दुसरा तुकडा मशीनखाली सरकवला.

"आता मला सांगून काय? त्येंना सांगायचं व्हतं."

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "कागद बदलतो का बघा. मान्सं अजून चालतच जात्यात."

मी कार्यालयाला पत्र लिहिलं, सहीनिशी. तक्ता मी घरी बसून भरला, फेकून द्या, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर नाही. आता फाटा वाढवायचा विषय पुन्हा निघाला आहे आणि कळतं ते असं, की जुनीच मोजणी आधाराला घेणार. म्हणून हे छापायला देतो आहे. ते आकडे खोटे आहेत. मी लिहिले आहेत.

आणि आता मी पहाटे थांब्यावर जातो. फळी, पेन्सिल आणि त्याचे चिंचोके डाव्या खिशात. गुडघा पूर्वीपेक्षा जास्त दुखतो.

परवा एक रिक्षा भरली. आतून एका बाईने मला हाक मारली, "आजोबा, या, सरकते मी. एक बसंल."

"नको," मी म्हणालो, "मला कुठं जायचं नाही."

"मंग थंडीचं कशाला उभं ऱ्हायलात?" असं म्हणत तिने आपला डबा मांडीवर घेतला आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी बाई शिरली. रिक्षा सुटली. चालकाने मागे पाहिलं नाही.

अकरा जण उरले होते. थोडा वेळ त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि मग एकेक करून बायपासच्या दिशेने चालायला लागले. मी अकरा चिंचोके मोजून उजव्या खिशात टाकले.