बशीतला एकटा जीव

माझं डोकं लहानपणापासून गरम. आई म्हणायची, या पोरीच्या नाकावरच राग बसलेला असतो. त्यामुळे आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ बोलले, आणि बहुतेकांचं मला काही वाटत नाही. एका माणसाला बोलले ते मात्र अजून सलतं.

साठ साल उलटून गेलं होतं आणि मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. घर अकोल्याला, इथे एक भाड्याची खोली. ज्यांच्या हाताखाली मी काम करायची ते सर निवृत्तीला आलेले. परदेशी मासिकं आमच्या लायब्ररीत सहा-सहा महिने उशिरा यायची. त्यातल्या एकात सरांनी वाचलं होतं की, तिकडे बेडकाच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकतात, त्याच्या जागी दुसऱ्याच एका कोवळ्या गर्भातल्या पेशीचं केंद्रक घालतात, आणि त्या अंड्यातून पिल्लू वाढतं. ज्या गर्भातून पेशी घेतली त्याचीच हुबेहूब नक्कल! सरांनी ठरवलं, हे आपण इथे वऱ्हाडात करून दाखवायचं.

स्टाफरूममध्ये लोक हसले. हसेनात का! सर आपल्या सुया स्वतः करायचे. काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची, मऊ पडली की झटक्यात ओढायची, की केसाहून बारीक टोक निघतं. दहातली एखादी कामाची. नळाचं पाणी अंड्यांना सोसत नसे, म्हणून प्रयोगशाळेचे एकुलते शिपाई विहिरीचं पाणी आणून, उकळून माठात निववून ठेवायचे. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं. म्हातारे, हाडकुळे, बोलायला मोजके.

तीन पावसाळे पाण्यात गेले. अंडी नासायची, नाहीतर दोन-चार दिवस वाढून थांबायची. चौथ्या वर्षी सरांचा हात थरथरायला लागला. चहा पिताना कपबशी वाजायची आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो. एकदा ते मला म्हणाले, "बाई, हा शेवटचा पावसाळा. पुढच्या साली हा हात सुई धरत नाही."

त्या पावसाळ्यात साठेक अंड्यांतून एक जगलं. एकच. त्याला डोकं आलं, शेपटी आली, आणि एका सकाळी ते काचेच्या बशीत चक्क पोहायला लागलं. सर स्टुलावर बसले ते उठेचनात. मग त्यांनी मामांना हाक मारली, भिंग त्यांच्या हातात दिलं.

"बघा मामा. याला बाप नाही. आईचंसुद्धा बीज आम्ही काढून टाकलं."

मामा बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे मायबाप कोनीच नाही त्याले?"

"कोणीच नाही!" सर आनंदाने म्हणाले.

"अरारा," मामा म्हणाले. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पिल्लाला पाय फुटेपर्यंत वाढवायचं, रोज त्याचं चित्र काढायचं, मग लेख पाठवायचा, असं ठरलं. शेजारच्या बरणीत साध्या अंड्यांतून निघालेली त्याच वयाची पिल्लं होती, तुलनेला. पाचव्या दिवशी बार्शीटाकळीहून सरांना तार आली. थोरली बहीण अत्यवस्थ होती. निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "रोज सकाळी पाणी तुम्ही बदला. दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये." मी म्हटलं, "सर, निर्धास्त जा."

आणि दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून बाबांचं पत्र. मुलगा बघायला येतोय, ताबडतोब निघ. मला तो मुलगा नको होता, ते लग्नही नको होतं, पण बाबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. सगळ्या जगावर खेकसणारी मी बाबांपुढे शेळी. मामांना म्हटलं, "एका दिवसाचा प्रश्न आहे, पाणी तेवढं बदला." मामा म्हणाले, "जा तुमी, बाई. मी हावो ना."

अकोल्यात मी पोह्यांची ताटली घेऊन उभी राहिले. मुलाच्या आईने विचारलं, नोकरीत काय करता? मी म्हटलं, बेडूक चिरते. तो विषय तिथेच मिटला. पहाटेची एसटी धरून मी परत आले, बॅगेसकट सरळ प्रयोगशाळेत गेले, आणि बशीत बघितलं तर पाच पिल्लं.

मामा मागे उभे होते, चेहऱ्यावर समाधान. "एकटंच फिरून राह्यलं होतं जी बिचारं. एका कोपऱ्यात जाऊन बसे. जीव कसाचा तरी झाला पाहून. म्हणून त्या बरणीतले चार सोबती सोडले त्याच्यात. आता पहा कसं खेळून राह्यलं."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. अक्कल गहाण ठेवली होती का, असं म्हटलं. तुमच्यासारख्या अडाण्यांना इथे ठेवतं कोण, असंही म्हटलं. बापाच्या वयाच्या माणसाला. मामा हात जोडून उभे होते आणि मी थांबत नव्हते.

दिवसभर मी सरांची चित्रं शेजारी ठेवून ती पाच पिल्लं न्याहाळली. सारखी, अगदी सारखी. खूण अशी काही नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी सर आले. बहिणीची राख सावडून आले होते. त्यांनी बशी बघितली आणि विचारलं, "पाणी कोणी बदललं?"

मामा पुढे झाले. "मी जी. बाईनं बजावलं होतं, हात लावू नका. मीच आगाऊपना केला."

आत्ता बोलावं, आत्ता बोलावं असं म्हणता म्हणता क्षण निघून गेला.

सरांनी एक शब्द सुनावला नाही. भिंग मामांच्या हातात देऊन म्हणाले, "तुम्ही त्याला रोज बघत होता. यातला कोणता, सांगता येईल?" मामा टेबलाशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते बाहीने पुसायचे आणि पुन्हा बघायचे. शेवटी म्हणाले, "नाही जी सर. एकटं होतं तवा वळखू येत होतं. आता नाही येत."

मी पुढे होऊन हळूच म्हटलं, "सर, हा जरा मोठा वाटतो. हाच म्हणू या. कोण विचारायला येणार आहे?" सरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग ते वही घेऊन लिहायला बसले.

त्यांनी लेख पाठवला नाही. पाचही पिल्लांना पाय फुटेपर्यंत मामांनी पाणी बदललं, मग दोघं म्हातारे बरणी घेऊन वडाळीच्या तलावावर गेले. मला कोणी चला म्हटलं नाही, आणि मी गेलेही नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आधी सर निवृत्त झाले. मामा मग तीन वर्षं होते. मला पाहिलं की उठून उभे राहायचे, आणि मी रोज त्यांची माफी मागायचं टाळलं.

सर वारल्यावर त्यांच्या मुलीने ती वही मला आणून दिली. आमच्या बाबांची आवडती सहकारी तुम्ही, म्हणाली. त्या दिवसाच्या पानावर थरथरत्या अक्षरात लिहिलंय: 'ओळख पटत नाही. प्रयोग बंद. मामांचा दोष नाही. मी गावी जायला नको होतं.'

मरणाच्या दारातल्या बहिणीला भेटायला गेलेला माणूस हे लिहून गेला. मामांनी चूक आपल्या अंगावर घेतली, सरांनी आपल्या. तेव्हा दोघं होते, आता एकही नाही. पाणी मी बदलायचं होतं. मी तिथे नव्हते. हे मी आज पहिल्यांदा सांगतेय.