येळवशीच्या दिवशी क्षेत्रपालाचं पाऊल

डाव्या डोळ्याचा पडदा आधीच कामातून गेलेला. उजव्याचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि डॉक्टर हातचं राखून एवढंच म्हणाले होते, "प्रयत्न करू." जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे ऐकून झोप कशी लागावी? मी जुनी मोटारसायकल बाहेर काढली आणि बायकोला सांगितलं, दगड बघून येतो. ती म्हणाली, "घरातला दगड मी रोज बघते, तेवढा पुरे." तरी टाकी भरायला पैसे तिनंच दिले.

पोरांना फळ्यावर जगभरची देवळं काढून दाखवली, पण आपल्याच भागातली बघायची राहून गेली होती. निलंग्याच्या देवळात भिंतीवरच्या बाईच्या कमरेचा बाक पाहिला आणि मला घाम फुटला. तशी एक रेघ मला कधी जमली नाही. खरोशाच्या लेण्यांत तर मी चक्क रडलो. एकटं फिरण्याचा हा एक फायदा.

शेवटी राहिला कंधारजवळचा क्षेत्रपाल, राखणदार देवाची दगडी मूर्ती. हजार वर्षांपूर्वी तो चार मजली घराएवढा उभा होता म्हणे. आता शिवारात त्याचे तुकडे पडलेत. मला त्याचं पाऊल बघायचं होतं, आणि हातात फक्त रविवार उरला होता.

त्या दिवशी येळवस, म्हणजे रानात साजरी होणारी वेळा अमावस्या, आहे हे मात्र माझ्या डोक्यातच नव्हतं. अहमदपुरात शिरलो तर सगळी दुकानं बंद, चहाचा घोट मिळेना. सगळं गाव रानात. ज्वारीच्या कडब्याच्या कोपी उभारलेल्या, आत पांडवांची पूजा, बाहेर पंगती. रस्त्यानं जाणारा दिसला की हाक आलीच.

"ओ सर, कुटं निघालाव? जेवल्याबिगर जातेत व्हय येळवसंला?"

नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. पहिल्या रानात बाजरीचे उंडे आणि डाळी-पालेभाज्यांची भज्जी खाल्ली. दुसऱ्या रानात पोट भरलंय म्हटलं, तर आंबिलाचा तांब्या हातात आला. तिसऱ्या ठिकाणी एकानं गाडीची चावीच काढून घेतली आणि पत्रावळ मांडली. जेवण अमृतासारखं, पण मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होतो. माझा एकुलता एक डोळा सूर्याकडे, आणि सूर्य भराभर खाली.

पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. अंधुक उजेडात मला ना बांध दिसेना, ना दगड. शेजारच्या रानातले नवरा-बायको कोपीपाशी आवराआवर करत होते. मी गाडी लावली आणि उद्याचं ऑपरेशन, डोळा, पाऊल बघायची ओढ, सगळं त्या अनोळखी माणसांना सांगून मोकळा झालो.

नवऱ्याच्या हातात कडब्याची मोठी पेंढी होती. येळवशीच्या सांजेला ती पेटवून पिकाभोवती पळत फिरवायची आणि फेरा पुरा होईपर्यंत थांबायचं नाही, अशी त्यांची रीत. ती पेटवून तो पळत निघाला, मी मागोमाग, आणि दगडापाशी येताच तो घुटमळला.

बायको म्हणाली, "तितंच थांबा की. राखणदार देव बी ह्योच हाय. रागावत न्हाई त्यो."

तो थांबला. जाळ दगडावर पडला. एवढं मोठं पाऊल! माझा अख्खा हात त्याच्या एका अंगठ्याला कमी पडला. आणि त्या अंगठ्याला नख होतं. नखाची कड सुबक कोरलेली, नखाखालचं मांस जरासं फुगलेलं, जणू अंगाचा सगळा भार त्यावर आहे. देवाच्या तोंडाकडे मान वर करून बघणाऱ्या कुणाला दिसणार होतं ते? तरी कारागिरानं जीव ओतला होता. मी गुडघे टेकले. इतकं लहान आणि इतकं भाग्यवान मला कधी वाटलं नव्हतं.

जाळ खाली आला. त्याचा हात भाजायला लागला तशी त्यानं पेंढी मातीत विझवली.

"दिसलं का, भाऊ?" बाईनं विचारलं.

"दिसलं," मी म्हणालो. मग सगळी लाज गुंडाळून ठेवून म्हणालो, "अजून एकदा दाखवता का?"

पेंढ्या संपल्या होत्या. नवरा वळला, आणि आपल्या कोपीचा कडबा उपसायला लागला.