चाळीस किलोमीटर, पाय न धुता

अमळनेरला जिनिंगच्या मागे आमची एक खोली होती. वडील आधी तेलाच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली आणि ते कापसाच्या गाठी वाहू लागले. आई डाळ निवडायला जायची. नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. तरीही दाराशी पाय धुवायची बादली वेगळी भरलेली असायची. पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत यायचं नाही, हा आईचा कायदा. जेवायची, झोपायची आणि माझ्या अभ्यासाची जमीन एकच होती, म्हणून.

त्याच जमिनीवर बसून मी बी.कॉम. झालो. घराण्यातला पहिला. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगतो.

पुढे जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात स्टोअरला लागलो. राखीव फौजेत जायचं तर आधी नागरी नोकरीच लागते, हे तिथं कळलं. वर्षातले काही महिने वर्दी, बाकी कारखाना. या राखीव फौजेत पॅराची पलटण होती. विमानातून उड्या मारणारी, कमांडोंच्या बरोबरीनं काम करणारी. मला तीच हवी होती.

धुळ्यात एक रिटायर्ड सुभेदार भरतीची तयारी करून घ्यायचे. सगळे त्यांना नाना म्हणत. दर रविवारी मी एसटीनं जायचो.

"दोन रस्ते आहेत," नानांनी सांगितलं. "एक, साध्या राखीव पलटणीत भरती हो. दोन वर्षं काढ, मग पॅरासाठी व्हॉलंटियर हो. निवडीत पडलास तर आपल्या पलटणीत परत. दुसरा, थेट पॅराची भरती. तिथं पडलास तर सरळ घरी. थेटवाल्याला पुन्हा थेट येता येत नाही."

"थेट," मी म्हणालो.

"विचार तरी कर."

"नाना, मी ग्रॅज्युएट आहे. दोन वर्षं कशाला घालवू?"

"तुझे पाय ग्रॅज्युएट आहेत का?"

सगळं मैदान हसलं. गुलाब तेवढा हसला नाही. तो शिरपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. घरी पावसावरची शेती आणि मोहाची फुलं, स्वतः सूतगिरणीत कामाला. "मी बी थेटच," एवढंच बोलला.

भरतीत दोघंही पास झालो. मग प्रोबेशन, म्हणजे निवडीचे महिने. पळणं, दोर, पाणी, पुन्हा पळणं. रोज कुणीतरी ट्रंक उचलून घरी जायचं. शेवटी चाळीस किलोमीटरचा स्पीड मार्च होता. पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, वेळ सहा तास. सकाळी सहाला फॉल-इन, साडेसहाला सुटलो.

दर दहा किलोमीटरवर वॉटर पॉइंट होता. पहिल्यावर मी बूट काढले आणि पाय धुतले. त्यात मला काही विशेष वाटलं नाही. कुठं पोचलं की पाय धुवायचे, हेच माहीत होतं. दुसऱ्यावरही धुतले. गुलाब उभ्यानं पाणी पीत होता.

"भाऊ, हाई काय तुनं घर शे का? पाय धुवू नको. चामडी नरम पडस."

"गार वाटतं रे."

"आते वाटस."

तिसऱ्या पॉइंटवर पाय पांढरे पडले होते, सुरकुतलेले. मी तेही धुतले. तेहतिसाव्या किलोमीटरला दोन्ही टाचांची कातडी सुटली.

"क्या हुआ, जवान?" सोबत चालणाऱ्या उस्तादनं, म्हणजे आमच्या प्रशिक्षकानं विचारलं.

"कुछ नहीं, उस्ताद."

"तो चल."

अजून दोनशे पावलं चाललो. मग उभा राहिलो. उस्तादनं नंबर आणि वेळ लिहिली. अकरा पस्तीस. "गाडी में बैठ."

गाडीतूनच गुलाबला फिनिश लाइन ओलांडताना पाहिलं. अकरा मिनिटं राखून.

घरी आईनं दाराशी माझे पाय पाहिले. बादलीवर हात ठेवून उभी राहिली. "इतलं शिकीसन हाई शिकना का?" म्हणाली आणि हळद आणायला आत गेली.

नाना रागावले नाहीत. "पहिला रस्ता अजून उघडा आहे," म्हणाले. मी साध्या पलटणीत गेलो. पहाऱ्याची ड्युटी, कॅम्प, फायरिंग. कारखान्यात असलो की शिफ्ट सुटल्यावर पिठ्ठूत वाळूच्या पिशव्या भरून एमआयडीसीच्या रस्त्यानं चालायचो. पाय कोरडे, पावडर, दोन मोजे. घरी पोचेपर्यंत बूट काढायचे नाहीत.

दोन वर्षांनी व्हॉलंटियर म्हणून तोच मार्च, तोच रस्ता. विसाव्या किलोमीटरच्या वॉटर पॉइंटवर गुलाब ड्युटीला होता. डोक्यावर पॅराची मरून रंगाची बेरे टोपी, दंडावर लान्स नाईकची फीत. ड्युटीवाल्यानं परीक्षार्थीशी बोलायचं नसतं. त्यानं पाण्याचा मग पुढे केला. मी प्यालो. शेजारी भरलेली बादली होती. पाय पेटले होते. इतकं सगळं शिकूनही माझा हात बुटाच्या लेसकडे गेला.

गुलाबनं पायानं बादली लवंडली.

"चल," म्हणाला.

पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटं.

पुढच्या हिवाळ्यात पलटणीतली आठ जणांची एक तुकडी उत्तरेला बर्फात होती, गुलाब त्यातच. मी खाली बेसवर रेडिओ सेटला. दुपारी दोन दहाला वर बर्फाचा कडा कोसळला.

"हेड काउंट?" मी विचारलं.

"सात."

"आठ पाहिजेत."

"सातच आहेत. ओव्हर."

गुलाब तिसऱ्या दिवशी बर्फाखाली सापडला.

आता मी फौजेतून मोकळा झालो आहे. कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वर्षातून एकदा शिरपूरला उतरतो, तिथून पाड्यावर चालत जातो. गुलाबची आई दाराशी तांब्या ठेवते. मी तिथं बूट काढतो, पाय धुतो, मग आत जातो.

"पाय दुखतस का?" ती दर वर्षी विचारते.

"नाही, अक्का."

पॅराच्या राखीव पलटणीत मी नऊ वर्षं होतो. बावीस उड्या मारल्या. नानांच्या मैदानावरून त्या पलटणीत आम्ही दोघंच पोचलो. मी लांबच्या रस्त्यानं, गुलाब थेट.