बाबांचा वाचक आणि माझी घाई

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बाबांना पेपर वाचता येईना, तेव्हा मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम टाकला. वाचायचा नीट, पण प्रत्येक वाक्याआधी इतका थांबायचा की बाबा वैतागायचे. "हा दम घेतो की खाली जाऊन चहा पिऊन येतो?"

माझं पोट सॉफ्टवेअरवरच चालतं. म्हटलं, मूळ सोर्सकोड आणून घरीच कंपाइल करू. कोडपासून प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरला, वेगासाठी किती खटपट करायची, हे फ्लॅग नावाच्या सूचना देऊन सांगता येतं. ज्याने हा कोड लिहिला त्याने बेताचे फ्लॅग घातले होते आणि वर लिहिलं होतं, कारण असल्याशिवाय बदलू नका. मला कारण होतं. ते खुर्चीत बसून पाय हलवत होतं. मी त्याचे सगळे फ्लॅग खोडले, सर्वांत वेगवान घातले, आणि आवाज घडवणारी आकडेमोड थोडी सैल झाली तरी चालेल, अशीही मुभा दिली.

तीन तास कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. मागून गरम वारा येतोय हे बघून आईने आंबोळ्यांच्या पिठाचं पातेलं तिथे आंबायला आणून ठेवलं.

दुपारी बाबांनी आधी निधनवार्ता लावायला सांगितल्या. आता थांबणं नव्हतं, पण आवाज पिपाणी गिळलेल्या माणसाचा! 'दुःखद निधन' ऐकताच आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

"हो कोण मेलो वाचता?" बाबा मालवणीवर येऊन ओरडले आणि हसता हसता खोकायला लागले. काय झालं बघायला शेजारच्या काकू धावत आल्या, त्याही हसत तिथेच बसल्या.

माझं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने मूळ फ्लॅग परत घातले, माझा फक्त एक ठेवला, आमच्या प्रोसेसरला साजेसा. आवाज माणसात आला, थांबणंही निम्म्यावर आलं. बाबांनी अख्खं पान ऐकलं.

"बरा आहे. कालचा कुठे गेला?"

"पुसला."

"का रे? पुढाऱ्यांची भाषणं त्यानेच वाचायला हवीत."

मग मी तेच चुकीचे फ्लॅग आठवून आठवून पुन्हा घातले आणि तो बिघडलेला वाचक वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. काकू आता रोज पाचला भाषणं ऐकायला येतात, येताना स्वतःची खुर्ची घेऊन.