गरुड पुन्हा पन्हाळ्याला

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी एसटीच्या मागे एक सायकल लागली होती. सायकलीवर माझा चुलतभाऊ बाळूदादा. स्टँडवर आईचं रडून झालं होतं, आबांनी "जेवत जा" एवढंच म्हणून तोंड फिरवलं होतं. बाळूदादाचं मात्र एवढ्यावर भागेना. शिरोली नाक्यापर्यंत तो गाडीच्या बरोबरीने पायडल मारत आला, मला वाकुल्या दाखवत. कंडक्टरने विचारलं, "ताई, त्येचंबी तिकीट फाडू काय?" सगळी गाडी हसली आणि माझं रडायचं राहूनच गेलं.

ती सायकल म्हणजे गरुड. माझ्या वयाच्या कोल्हापूरकरांना, गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या उडालेल्यांना, वेगळं सांगायला नको. जाडजूड टायर, सरळ हँडल, अठरा गिअर आणि वजन म्हशीच्या रेडकाएवढं. काकांचं सायकलीचं दुकान असल्यामुळे गल्लीत पहिली गरुड आमच्या घरात आली. आबांनी मलाही लेडीज सायकल न घेता गरुडच घेतली. पाहुण्यारावळ्यांनी नाकं मुरडली, आबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

आता आमचं शहाणपण ऐका. अठरा गिअर असून आम्ही एकदाही गिअर बदलला नाही. हलका गिअर टाकणं म्हणजे कुस्तीत पंचाला मध्ये घालणं, असा गल्लीचा न्याय होता. पन्हाळ्याला जायचं ते सगळ्यात जड गिअरवर. मोह नको म्हणून बाळूदादाने गिअरच्या खटक्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. वाघबीळच्या चढाला तोंडाला फेस यायचा, पण उतरायचं नाही. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी जी लागायची, तशी पुन्हा कुठे लागली नाही.

पुढे नोकरीने मला नेदरलँड्सला आणून टाकलं. इथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. मास्तर, डॉक्टर, आजीबाई, सगळे सायकलवर. मीही रोज ऑफिसला सायकलने जाते आणि वारा समोरून आला की मनातल्या मनात वाघबीळ चढते. मी इथे आनंदात आहे, खोटं कशाला सांगू? पण जुनी माउंटन बाइक दिसली की पाय थांबतात. इथलेही लोक बंद पडलेल्या ब्रँडांच्या नावाने उसासे टाकतात, जुन्या फ्रेम रंगवून भिंतीवर टांगतात. ती कंपनी परत यायला हवी, हे वाक्य मी डच भाषेतही ऐकलंय.

मग गेल्या दिवाळीआधी बाळूदादाचा फोन आला. गरुडची कंपनी बंद पडून जमाना झाला होता, पण ते नाव आता कुणीतरी विकत घेतलं होतं आणि नवे मालक जुन्या दुकानदारांना एजन्सी देत होते. काका गेल्यापासून दुकान पंक्चरवर आणि पोरांच्या सायकलींवर तगून होतं. हे जमलं नाही तर दादा दुकान बंद करून जागा मोबाइलवाल्याला देणार होता. निकाल त्याने माझ्यावर सोपवला. मी सायकलींच्या देशात राहते, मी हो म्हटलं तरच घेणार.

दिवाळीला मी गेले. नमुन्याची नवी गरुड आली होती. सकाळी निघालो, तो नवीवर, मी माझ्या जुनीवर. वाघबीळला तो सवयीने जड गिअरवरच झुंजत होता, गुडघे कुरकुरत असताना. अर्ध्या चढाला खट् आवाज आला, त्याचे पाय भराभर फिरायला लागले आणि गडी शीळ घालत पुढे निघून गेला. मी उतरले. चक्क उतरले. सायकल ढकलत वर पोचले तेव्हा तो पिठलं-भाकरी सांगून बसला होता.

"एवढं सोप्पं हुतं व्हय गं? आन् आम्ही येड्यावानी चिकटपट्टी लावून बसलो."

हसून हसून आम्हाला ठसका लागला. मग गंभीर होऊन त्याने विचारलं, घेऊ का एजन्सी? मी मनातलं सांगितलं. सायकल झकास आहे, पण ही गरुड नव्हे. फ्रेम तैवानची, गिअर जपानचे, वजन निम्मं. नाव तेवढं जुनं, बाकी सगळं बाहेरचं. लोकांना फसवल्यासारखं होईल.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझं जाकीट, माझे बूट, घोटघोट प्यायची पाण्याची बाटली.

"मग तू तरी काय येगळी हायस, वैशे? नाव तेवढं जुनं, बाकी सगळं भायरचं. तरी तुला आम्ही दारातनं परत धाडतोय काय?"

माझे डोळे भरले आणि हसूही आवरेना. घे एजन्सी, म्हटलं. पाडव्याला दुकानासमोर गरुडला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि पहिली फेरी दादाने मला मारायला लावली.

घर म्हणजे काय, असं इथल्या डच मैत्रिणी हळव्या होऊन विचारतात. मला आता एवढंच ठाऊक आहे, की तिथे जाताना मला माझं बदललेलं काहीच दाराबाहेर उतरवून ठेवावं लागत नाही. वैशे म्हणून हाक आली की झालं.