घाटावर पुसलेलं कुंकू

"रडायला तुम्हाला ग्लिसरीन लागायचं का हो?" मुलाखत घ्यायला येणारी पोरं हमखास विचारतात. चाळीस वर्षं पडद्यावर रडले, तेव्हा विचारणारच. मी हसते, चहा पुढं करते. खरं उत्तर सांगलीच्या घाटावर आहे.

लढाईचे दिवस होते. आमचे हे फौजेत हवालदार, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. दोन महिने पत्र नव्हतं. माझी तीन वर्षांची लेक साताऱ्याजवळच्या गावात सासूबाईंपाशी. त्यांना मी आत्या म्हणायची. मी सिनेमात जाते म्हटल्यावर आत्यांनी एकच अट घातली, "काय बी कर, पर कुंकू पुसायचं काम घिऊ नगंस. माझा ल्योक लढाईवर हाय." मी मान डोलावली. आणि पहिलं मोठं काम मिळालं ते नेमकं विधवेचं! हाव सुटली, झालं.

नवरा गेल्याची बातमी येते आणि ती बाई कृष्णेच्या पाण्यानं कुंकू पुसते, असा प्रसंग. मंगळसूत्र काढावं लागलं, ते मी ओच्यात बांधलं. एक हिरवी बांगडी दंडावर चढवली, आणि चोळीच्या आत, गळ्याखाली कुंकवाचं बोट लावलं. देवाला म्हटलं, हे खरं, ते खोटं, एवढं ध्यानात ठेव.

कॅमेरा सुरू झाला. मी कपाळ पुसलं. तेवढ्यात वरच्या पायरीवरून हंबरडा आला, "वयनी! तुमाला आदीच कळलं व्हय?"

माझे धाकटे दीर. गावाहून आलेले, मुठीत तार. ते धावत थेट कॅमेऱ्यापुढं आले आणि माझ्या पायाशी बसून ढसाढसा रडायला लागले. मी त्यांच्या मुठीतली तार बघितली. मीही किंचाळले. बघ्यांना वाटलं, बाई काय काम करते!

कंपनीच्या मॅनेजरनी भावजींच्या मुठीतून तार सोडवली. "अहो, ही तर फोडलेलीच नाही!"

नव्हतीच. तार म्हणजे मरण, हे आमच्याकडं ठरलेलं. आत्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली, दिवसभर तिच्यापुढं बसून राहिल्या आणि भावजींना म्हणाल्या, "कुंकू तिचं हाय, तिनंच फोडू दे." आणि इथं माझं कोरं कपाळ बघून भावजींना वाटलं, बातमी माझ्यापर्यंत आधीच पोचली.

मॅनेजरनी तार फोडून वाचली. हे रजेवर येत होते.

भावजींबरोबर मी गावी पोचले तर आत्यांनी दारातच विचारलं, "पुसलंस का गं?" मी म्हटलं, "नाही." भावजी मध्येच बोलले, "न्हाई गं आई, म्या बघितलंय की." माझ्यासाठी खोटं बोलले बिचारे.

रजा संपली, हे परत आघाडीवर गेले. आठवड्याभरात कंपनीचं बोलावणं आलं. भावजी मध्ये घुसल्यानं तो प्रसंग वाया गेला होता, पुन्हा घ्यायचा होता. नाही म्हणायची सोय नव्हती, करारावर सही केली होती. त्याच पायरीवर बसून मी दुसऱ्यांदा कुंकू पुसलं, आणि या वेळी देवाला काही सांगायचंही धाडस झालं नाही. दिग्दर्शक म्हणाले, पहिल्यापेक्षा झकास. त्यानंतर पोस्टमन गल्लीत दिसला की माझा हात आधी कपाळाकडं जायचा.

मग ते चित्र साताऱ्यात तंबूत लागलं. आत्या हट्टानं आल्या. माझं खोटं आता सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं. हे परतायला अजून एक पावसाळा जायचा होता, पण ते परततील हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? पडद्यावर मी पाण्यात हात घातला. शेजारी बसलेल्या आत्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी काळोखात हात उचलला, माझ्या कपाळाला बोट लावलं, आणि बोटाला कुंकू लागलंय का ते पडद्याच्या उजेडात बघितलं.