उमाबाईनं घासलेला खार

उमाबाई गोंधळली की पदराचं टोक दातात धरायची. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तिच्या एकाही लुगड्याचा पदर धड राहिला नव्हता. आता बाईनं गोंधळू नये तर काय करावं? घरात अशी एक वस्तू आली होती, जी तिच्या माहेरी नव्हती, सासरी नव्हती, आणि सरकारी बंगला सोडला तर अख्ख्या अंबाजोगाईत कुणाकडेच नव्हती. पायखाना! तोही साधासुधा नाही. चिनी मातीचं पांढरंशुभ्र भांडं, त्याला बाक दिलेली नळी आणि अंगणात जमिनीखाली बांधलेली मैल्याची टाकी.

हौस म्हणून काही आणला नव्हता हो. उमाबाईचा नवरा नागप्पा हा किराणा मालाचा दुकानदार, हौस वगैरे त्याच्या रक्तातच नव्हती. पण त्याची आई शिवम्मा न्हाणीत पाय घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. गावातल्या सगळ्या बाया उजाडायच्या आत ओढ्याकडे जायच्या, शिवम्माही जन्मभर तशीच गेलेली. आता तिला अंगणापर्यंत जायचं तरी दोन्हीकडून धरावं लागे. नागप्पा कामानिमित्त हैदराबादला गेला होता, तिथं कुणाच्या हवेलीत त्यानं हे प्रकरण पाहिलं. भांडं परळीपर्यंत आगगाडीनं आणि पुढं कडब्यात गुंडाळून बैलगाडीनं आलं. करीम मिस्त्रीही तिकडचाच. त्यानं टाकी बांधली, पहिल्या दिवशी शेणाचा काला तीत ओतला आणि जाताना उमाबाईला बजावलं, "अम्माँ, इसमें तेजाब नक्को डालो. टाकीत जीव रहते. वोच सब खा जाते. वो मर गये तो टाकी सड गई समझो."

झालं! उमाबाईच्या दातात पदर गेला तो तिथून.

"जीव म्हंजे किडे का?" तिनं विचारलं.

"दिखते नहीं अम्माँ, पर हैं."

दिसत नाहीत, पण आहेत. आता एवढं सांगून तो गृहस्थ हैदराबादला निघून गेला. बाईनं समजायचं काय? देवाबद्दल असं सांगितलं तर समजतं, पायखान्याबद्दल कसं समजावं? रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली की तिच्या मनात त्या टाकीतल्या जिवांचाच विचार यायचा. त्यांना खाऊ घालणं हे पुण्य की पाप? मठातल्या स्वामींना विचारावं, तर कोणत्या तोंडानं विचारावं?

तरी सुरुवातीचे दिवस बरे गेले. पायखाना एकट्या शिवम्मासाठी होता. बाकीची मंडळी आपली ओढ्याकडेच जायची, भांडं खराब होईल म्हणून. शिवम्मा आधी लाजली, मग सवयीची झाली. भाकर-भाजी नीट खाऊ लागली, तोंडावर तजेला आला. आणि मग त्या पांढऱ्या भांड्याला पिवळं पुट चढायला लागलं.

आधी पाण्याच्या रेघेवर एक कडा उठली. मग ती जाड झाली. मग बाकापर्यंत खरखरीत, तपकिरी-पांढरा थर धरला. त्यांच्या विहिरीचं पाणी असं होतं की त्यात तूरडाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजायची नाही, पण ते आणि हे यांचा काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उमाबाईनं राखेनं घासलं, विटकरीच्या भुग्यानं घासलं. थर तसूभर हलला नाही, उलट भांड्यावर ओरखडे मात्र उठले.

"मेहतराला बोलवून घेऊ," नागप्पा म्हणाला.

"नगं. आत्यांचं हाय, मी करते," उमाबाई म्हणाली. सासूवर तिचा जीव होता. ती नवी नवरी असताना, भाकरी थापता येत नाही म्हणून सगळं घर हसलं, तेव्हा तिच्या जळक्या भाकरी मुकाट्यानं खाणारी ही एकटी शिवम्मा होती.

आणि नेमकी ह्याच शिवम्मानं जेवण तोडायला सुरुवात केली. दोन भाकरींची एक झाली. एकीची अर्धी. "भूक न्हाई," म्हणायची आणि ताट सरकवायची. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वैद्य आला, नाडी बघितली, चूर्ण देऊन गेला. चूर्ण घ्यायची, भाकर नाही.

उमाबाईनं आपल्या परीनं ताडलं, की भांडं घाण दिसतं म्हणून म्हातारीला तिथं जायची किळस येते, आणि जावं लागू नये म्हणून ती खात नाही. जन्मभर सोवळ्यात राहिलेली बाई, तिला कसं सोसावं? म्हणजे थर निघाला की म्हातारी जेवेल, न निघाला तर डोळ्यांदेखत झिजून जाईल. एवढं सरळ गणित तिनं मांडलं आणि ती हात धुवून त्या थराच्या मागं लागली.

नागप्पानं धोंडीराम सोनाराकडून दागिने उजळायच्या जळजळीत तेजाबाच्या दोन बरण्या आणल्या.

"अवो, मिस्त्री नगं म्हनला हुता!"

"मिस्त्री गेला गावाला. अव्वा मरायला टेकली हाय, आन् तुला किड्यांचं पडलंय!"

तिनं नाकाला पदर बांधला आणि दोन्ही बरण्या ओतल्या. असा फेस उसळला म्हणता! वाफेनं घसा धरला, डोळ्यांतून धारा लागल्या, बोटांची कातडी सोलवटली. खोकत खोकत ती बाहेर येऊन ओट्यावर बसली. पण थर गेला, भांडं चकाचक झालं. तिनं त्याच हातांनी ताट वाढून सासूपुढं ठेवलं. शिवम्मानं त्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि चतकोरावरच हात धुतले.

काय म्हणावं आता ह्याला?

पुढच्या आठवड्यात टाकी नासली. अंगणात उभं राहवेना. नळीतून बुडबुडे यायला लागले, ओतलेलं पाणी खाली उतरेना. शेजारच्या सरस्वतीबाईनं भिंतीवरून तोंड सोडलं, "घरात नरक आणून ठिवलाय मेल्यांनी!" नागप्पा संतापला. "बुजवूनच टाकतो समदं!"

"बुजवा," उमाबाई म्हणाली. "आन् आत्यांनी जायाचं कुठं, तेबी सांगा."

नागप्पा तणतणत दुकानात निघून गेला.

मारले आपण ते जीव, ह्या विचारानं उमाबाईला झोप लागेना. करीम मिस्त्रीनं पहिल्या दिवशी केलं होतं ते आठवून ती रोज शेणाचा पातळ काला टाकीत सोडू लागली. कपड्याचा साबण-सोडा, राखेचं पाणी, सगळं बाहेरच्या बाहेर केळीकडे वळवलं. टाकीत जायचं ते नुसतं साधं पाणी. हळूहळू वास उतरला, बुडबुडे थांबले, पाणी जाऊ लागलं. म्हणजे जीव परत आले म्हणायचे? कुठून आले? तिनं टाकीच्या झाकणाला मनोमन हात जोडले आणि आपल्यालाच हसली.

पण थर? थर पुन्हा धरलाच की! आणि शिवम्मा आता पेजेवर आली होती.

एका दुपारी उमाबाई न्हाणीतला तांब्याचा हंडा चिंचेनं घासत होती. बाहेरून घासून झाला म्हणून सहज आत हात घातला, तर चिंचेचा कोळ सांडलेल्या जागी आतल्या खाराचा पापुद्रा मऊ होऊन बोटाला लागला. तपकिरी-पांढरा. खरखरीत. तिनं तो तळहातावर घेतला, पायखान्यात गेली, तिथला नखानं खरडून शेजारी ठेवला. हुबेहूब! अगं बाई, आंघोळीच्या हंड्यात हे कुठून आलं? बराच वेळ ती दोन खपल्यांकडे आळीपाळीनं बघत उभी राहिली. मग लख्ख उजेड पडला. हे तर पाण्याचं! विहिरीतला खार!

मग काय, घरातली होती नव्हती तेवढी जुनी चिंच तिनं उकळली. भांड्यातलं पाणी उपसून काढलं, फडकी कोळात भिजवून थरावर चिकटवली आणि दिवस कलेपर्यंत तशीच ठेवली. संध्याकाळी काथ्यानं घासलं. पहिल्या खेपेला अर्धा निघाला, दुसऱ्या दिवशी उरलेला. ना फेस, ना वाफ. टाकीनंही काही कुरकुर केली नाही, दोन दिवस उमाबाई झाकणापाशी जाऊन हुंगत होती.

तिसऱ्या दिवशी तिनं शिवम्माला धरून धरून नेलं. "बघा आत्या! आरशावानी झालंय. आता तरी जेवा."

शिवम्मानं पाहिलं, आणि ती म्हातारी लहान पोरासारखी रडायला लागली. खाटेवर परत आली आणि पेजेची वाटीसुद्धा तोंडाला लावीना.

उमाबाईचा धीर सुटला. "आता काय राह्यलं वो आत्या? हात सोलले, घरात नरक झाला, लोकांचं ऐकून घेतलं! भांडं साफ झालं तरी कावून जेवत न्हाई तुमी? माझ्यावर राग हाय का?"

"राग?" शिवम्मा म्हणाली. "अगं लेकी, ह्या भिंतीपल्याड तू घासती, ते मला इथं पडल्या पडल्या ऐकू येतंय. खर्र खर्र. माझ्या अंगची घाण अशी कसली, की दगडावानी चिकटून बसती? दुसऱ्या कुनाचं असं हुतं का? मी खाल्लं की ती साठती, साठली की तू घासती. पोटच्या पोरीनं केलं नसतं ते तुझ्याकडनं करून घ्यायाचं आन् वर भाकर मागायाची? मी खायाचंच सोडलं. न खाल्लं तर तुझं घासनं तरी सुटंल."

म्हणजे इतके दिवस आपण जितकं घासत होतो, तितकी ही उपाशी राहत होती! उमाबाईला रडावं की हसावं कळेना. मग तिनं न्हाणीतलं आंघोळीच्या पाण्याचं घंगाळ उचलून आणलं आणि धाडदिशी खाटेवर ठेवलं. सासूचा हात धरून तिनं घंगाळाच्या आतून फिरवला. खार जाड, खरखरीत.

"हे काय हाय, सांगा."

"तेच की गं," शिवम्मा चाचपडत म्हणाली. "तसंच लागतंय."

"मग ह्या घंगाळात कोन बसतंय, आत्या?"

शिवम्मानं घंगाळ जवळ ओढलं. पुन्हा एकदा तिनं आपण होऊन बोटं आत घातली.

"म्हंजे... ते माझं न्हवं?"

"न्हाई वो. पान्याचं हाय. हिरीचा खार हाय तो. तुमी जेवा न्हाईतर उपाशी ऱ्हावा, तो धरनारच. तुमचा काई संबंद न्हाई."

"आन् हे तू मला आधी सांगायचं न्हाईस?"

"मला तरी कुठं ठावं हुतं? आन् तुमच्या मनात हे चाललंय, ते तुमी कुठं सांगितलं?"

"अगं माझे बाई!" शिवम्मानं कपाळावर हात मारला. "उगंच उपाशी राह्यले की गं मी!"

त्या दुपारी तिनं ज्वारीची दीड भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. उमाबाई समोर बसून वाढत होती आणि तिच्या डोळ्यांचं पाणी काही खळत नव्हतं. नागप्पा दुकानातून डोकावून गेला. आईच्या ताटात भाकर बघून तो परत गल्ल्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाबाई चुलीपाशी होती. शिवम्मा कित्येक महिन्यांत मोठ्यानं बोलली नव्हती. परसाकडे जायचं तर कण्हून, खुणेनं, मान खाली घालून सांगायची. आज तिनं खाटेवरून खणखणीत हाक मारली, दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माना वळवाव्यात अशी.

"उमे! ए उमे! मला पायखान्यात ने गं. लई जेवलेय मी काल!"